टीव्हीची दृष्ट

जुन्या बाजारात एका रविवारी मी फुटक्या स्पीकरचं चुंबक पाच रुपयांना घेतलं. दुपारी घर झोपलेलं. चालू टीव्हीच्या काचेजवळ ते नेलं आणि पडद्यावर मोर नाचला! चुंबक लांब नेल्यावर मोर गेला, पण एक पीस टाकून गेला. डाव्या बाजूला, ताटलीएवढं, हिरवंगार. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. पुसणार काय, डाग काचेच्या आत!

टीव्ही लावताना 'ठंग्' असा आवाज यायचा आणि चित्र क्षणभर थरथरायचं, ते आठवलं. म्हणून वीसेक वेळा खटका बंद-चालू केला. ठंग् फक्त पहिल्या खेपेला झालं. तो आवाज डाग घालवणाऱ्या कॉइलचाच असतो, पण तिच्या वाटेतला एक भाग तापला की तिची वीज रोखतो आणि गार होईस्तोवर सोडत नाही, हे ज्ञान उशिरा आलं.

सातच्या बातम्यांना निवेदिकाबाईंचा एक गाल कैरीसारखा. "सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरवरूनच असं सोडतायत," बाबा म्हणाले. पुणेकर आधी दुसऱ्याची चूक काढतो, त्यामुळे मला अर्धा तास मिळाला. मग शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बाई दोन्ही गालांनी गोऱ्या असल्याची खबर आली.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतले मेकॅनिक काका आले. मागचं झाकण काढताच मी डोकावलो.

"हात घालू नकोस बाळ. २५,००० व्होल्ट असतात."

मी हात थेट खिशात घातला. खिशात चुंबक होतं.

"ही काचेची पिक्चर ट्यूब, तिच्या मागच्या मानेत तीन गन असतात," काका बाबांना सांगू लागले. "लाल, हिरवी, निळी."

"म्हणजे तीन रंग फेकतात?"

"छे हो. तिन्ही फेकतात ते इलेक्ट्रॉनच, त्यांना कसला रंग? रंग काचेच्या आतल्या ठिपक्यांना. त्याच्या अलीकडे पत्र्याची चाळणी, लाखो भोकांची. आता असं बघा, समोरच्या गॅलरीत तीन बायका उभ्यात आणि तुमच्या खिडकीच्या जाळीला एकच भोक आहे. डावीकडचीला दिसतं तुमचं कपाट, मधलीला दोरीवरचे कपडे, उजवीकडचीला शेगडी. एकीचं दुसरीला दिसत नाही."

"आमच्या समोरच्यांना सगळं दिसतं," आजी म्हणाली.

"तसंच झालंय आजी. चाळणीत चुंबकत्व शिरलं. किरण जरा वाकला, की लाल गनचा मारा शेजारच्या हिरव्या ठिपक्यावर."

"आणि चाळणीला आपटतात त्यांचं काय?" बाबांनी विचारलं.

"वाया. पाचातला जेमतेम एक पलीकडे पोचतो."

"सरकारी योजना आहे ही!" बाबा प्रथमच खूश झाले.

ही चाळणी आरसीए कंपनीनं १९५० साली अमेरिकेत दाखवली, आपल्याकडे टीव्हीला रंग आला १९८२ च्या एशियाडच्या वर्षी, आणि तिच्यापुढे चुंबक नाचवण्याचा मान सदाशिव पेठेत मला मिळाला.

काकांनी पिशवीतून काळी टेप गुंडाळलेलं, परातीएवढं कडं काढलं. वायर लावली, बटण दाबलं. कडं गुणगुणू लागलं. पडद्यासमोर ते गोल गोल फिरवताना सगळे रंग उसळले. आजीनं भक्तिभावानं विचारलं, "मीठ-मोहऱ्या आणू का?"

काका मागे सरकू लागले. कडं फिरतंच. जवळ असताना बंद केलं तर नवा डाग बसतो, म्हणून गाभाऱ्यातून देवाला पाठ न दाखवता निघावं तसे, उंबरा ओलांडून ते पार गॅलरीत पोचले. वायर संपली तेव्हा बटण सोडलं. पडदा स्वच्छ!

पैसे घेऊन, चहा पिऊन काका दाराशी आले. बाबा पाठमोरे, टीव्हीत गुंग. काकांनी काही न बोलता माझ्यासमोर तळहात पसरला.

मी खिशातलं चुंबक त्यावर ठेवलं. बाबांनी पाहिलं नाही. आजीनं पाहिलं, आणि ती मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली.