कंपनी बाईंची, बचत बीबीसीची

ब्रिटनमध्ये टीव्हीवरचा एखादा ओळखीचा चेहरा करप्रकरणात सापडला की दोन दिवस सगळीकडे एकच सूर लागतो : लाखो पौंड कमावतात आणि वर कर बुडवतात. आमच्या इथल्या मराठी कॉन्ट्रॅक्टर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच चालतं. तो राग मला समजतो. पण तो अर्ध्या वाटेत थांबतो असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी आधी थोडक्यात प्रकार सांगते. निवेदिकेच्या नावावर एक लिमिटेड कंपनी असते. तिची मालक तीच, डायरेक्टर तीच आणि काम करणारं एकमेव माणूसही तीच. चॅनेल तिला पगार देत नाही, तिच्या कंपनीचं बिल चुकतं करतं. कंपनी नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स भरते, बाईंना बेताचा पगार देते आणि बाकीची रक्कम डिव्हिडंड म्हणून. डिव्हिडंडवर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावर कामगार आणि मालक दोघांनी भरायचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता (एनआय), लागत नाही. नवऱ्याच्या नावावर शेअर असले तर उत्पन्न दोघांत विभागलं जातं. यंदा पैशाची गरज नसेल तर तो कंपनीतच ठेवता येतो. यातलं काहीही लपूनछपून नसतं. कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या वेबसाइटवर जाऊन कुणीही फुकटात अशा कंपनीचा ताळेबंद बघू शकतो.

याला आळा घालणारा नियम म्हणजे आयआर 35. 1999 च्या बजेटबरोबर निघालेल्या एका प्रसिद्धीपत्रकाचा तो क्रमांक, आणि नियम लागू झाला एप्रिल 2000 पासून. त्यातला प्रश्न साधा आहे : मधली कंपनी बाजूला काढली तर हा माणूस नोकरच ठरला असता का? ठरला असता, तर कर पगारासारखाच भरायचा.

आता टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय ते बघा. एखाद्याला वर्षाला एक लाख पौंड पगार दिला तर आजच्या दराने मालकाला त्यावर आणखी 14,250 पौंड एम्प्लॉयर्स एनआय सरकारजमा करावा लागतो. आजारपणाची रजा, भरपगारी सुट्टी, पेन्शन हे वेगळंच. तेच एक लाख कंपनीच्या बिलापोटी दिले आणि आयआर 35 लागू झाला नाही, की यातलं काहीच देणं लागत नाही. निवेदिकेचा कर वाचतो हे खरं, पण मालकाचं ओझं तर पूर्णच उतरतं. बातम्यांत ही दुसरी ओळ क्वचितच येते.

क्रिस्टा अ‍ॅक्रॉइड यांचंच प्रकरण घ्या. बीबीसीच्या लीड्समधल्या ‘लुक नॉर्थ’ या बातमीपत्राच्या त्या तेव्हाच्या निवेदिका. करार वर्षातल्या 225 दिवसांपर्यंतच्या कामाचा, त्यांच्या वेळेवर पहिला हक्क बीबीसीचा, आणि परवानगीशिवाय दुसरीकडे काम करायचं नाही. याला नोकरी नाही तर काय म्हणायचं? फेब्रुवारी 2018 मध्ये कर ट्रिब्युनलनेही तेच म्हटलं आणि कंपनीवर सुमारे 4 लाख 19 हजार पौंडांची कराची मागणी कायम झाली. पण कंपनीमार्फत काम करायला बीबीसीनेच प्रोत्साहन दिलं होतं, हेही त्याच सुनावणीत पुढे आलं. आणि त्या वेळच्या नियमाची खोच अशी, की आयआर 35 लागू झाला तर एम्प्लॉयर्स एनआयसुद्धा निवेदिकेच्याच कंपनीने भरायचा. म्हणजे वर्षानुवर्षं काम करून घेतलं बीबीसीने आणि मालकाच्या वाट्याचं बिल गेलं बाईंकडे. माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा अन्याय तो हाच आहे.

हे एखाददुसऱ्या माणसाचंही नाही. 2012 मध्ये मार्गारेट हॉज यांच्या संसदीय समितीसमोर आलेला बीबीसीचा आकडा होता पगारपत्रकाबाहेरच्या सुमारे 25,000 करारांचा. त्यातले जवळपास 13,000 पडद्यावर किंवा रेडिओवर काम करणाऱ्यांचे. मार्च 2018 मध्ये लिझ कर्शॉ, कर्स्टी लँग, पॉल लुईस असे निवेदक संसदेच्या दुसऱ्या एका समितीपुढे बसले आणि कंपनी काढायला आपल्याला भाग पाडलं गेलं अशी तक्रार त्यांनी मांडली. पॉल लुईस हे तर रेडिओवर देशाला पैशांचे व्यवहार समजावून सांगणारे! त्याच सुमारास बीबीसीने मध्यस्थीची सोय केली हे मान्य. पण ती ओरड झाल्यावर केली.

कायदा एकच असला तरी निकाल माणसागणिक वेगळा. आयटीव्हीच्या लोरेन केली 2019 मध्ये जिंकल्या, 12 लाख पौंडांची मागणी रद्द झाली. त्या पडद्यावर निव्वळ स्वतः म्हणून येत नाहीत, स्वतःचं एक व्यक्तिमत्त्व सादर करतात, असंही ट्रिब्युनलने म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याच चॅनेलवरचे ईमन होम्स हरले. आपल्याकडे सचिन तेंडुलकरच्या बाबतीत वाद असाच रंगला होता, फक्त तिथे कंपनी नव्हती. जाहिरातींच्या परदेशी उत्पन्नावर त्याने अभिनेता म्हणून 80 आरआर कलमाची सवलत मागितली, आयकर खातं म्हणालं तू क्रिकेटपटू, आणि 2011 मध्ये मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाने त्याच्या बाजूने कौल दिला. सचिनचं यश मला खुपत नाही. पण अशी लढाई वर्षानुवर्षं लढायला वकील परवडावा लागतो, आणि तो नावाजलेल्यांनाच परवडतो.

काही जणांची बाजू मात्र मी अजिबात घेणार नाही. एड लेस्टर हे विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी स्टुडंट लोन्स कंपनीचे तेव्हाचे प्रमुख. त्यांचा पगार खाजगी कंपनीमार्फत जातो हे 2012 मध्ये उघड झालं, आणि सरकारने तपासणी केली तेव्हा पगारपत्रकाबाहेरची अशी 2,400 हून जास्त माणसं सापडली. त्याच वर्षी केन लिव्हिंगस्टन लंडनच्या महापौरपदासाठी उभे होते. करचुकव्या श्रीमंतांवर तुटून पडणारे हे नेते आपली भाषणांची आणि माध्यमांतली कमाई सिल्व्हेटा नावाच्या स्वतःच्या कंपनीत घेत होते. बेकायदा काहीच नव्हतं. पण करदात्याच्या पैशावर पद भूषवणाऱ्याने आणि लोकांकडे मतं मागणाऱ्याने लोकांसारखाच कर भरावा, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते. अ‍ॅक्रॉइडबाईंपुढे करार ठेवणारं कुणीतरी होतं. लिव्हिंगस्टन यांच्यावर कुणाची जबरदस्ती होती?

2017 पासून सरकारी संस्थांत आणि एप्रिल 2021 पासून मोठ्या व मध्यम खाजगी कंपन्यांत ‘इनसाइड की आउटसाइड’, म्हणजे आयआर 35 लागू होतो की नाही, हे ठरवायची जबाबदारी काम देणाऱ्यावर आली. वाटलं, आता तरी मालकाचा वाटा मालक उचलेल. मी टेस्टिंगमध्ये आहे. त्या वेळी ज्या बँकेत माझं कॉन्ट्रॅक्ट होतं, तिने माणसागणिक न बघता सरसकट सगळ्यांना ‘इनसाइड’ ठरवलं आणि अम्ब्रेला कंपनीत, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पगारपत्रकावर घेऊन मधे बसणाऱ्या कंपनीत, जायला सांगितलं. अम्ब्रेलाची पे-स्लिप नीट वाचून बघा. वर ठरलेला रेट. खाली लगेच वजा एम्प्लॉयर्स एनआय, वजा अ‍ॅप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठी मालकांवर लावलेला कर), वजा अम्ब्रेलाचं मार्जिन. हे सगळं जाऊन जे उरतं ते ‘ग्रॉस पे’, आणि माझा इन्कम टॅक्स, माझा एनआय त्यानंतर. डे रेट होता तोच राहिला, त्यामुळे मालकाचा कर आजही कामगाराच्याच खिशातून जातो. आणि नोकराइतका कर भरूनही उद्या काम संपलं की नोकराची नोटीस नाही, बँकेकडून भरपाई नाही.

नियम किती गुंतागुंतीचा आहे ते सरकारनेच दाखवून दिलंय. एचएमआरसीने, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याने, स्वतः तयार केलेलं ऑनलाइन टूल वापरूनही कामगार आणि पेन्शन खात्याचे निर्णय चुकले, आणि त्या एका खात्यावर 8 कोटी 79 लाख पौंडांचा बोजा आला. मग साध्या कॉन्ट्रॅक्टरला तो कसा कळावा!

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. पैसा बीबीसीसाठी लोकांनी भरलेल्या टीव्ही लायसन्स फीचा असो की सरकारी तिजोरीचा, वर्षभर एकाच ठिकाणी काम करणाऱ्याला पगारपत्रकावर घ्या, मग तो कितीही मोठा स्टार असो. आणि ठरलेल्या रेटमधून एम्प्लॉयर्स एनआय वळता करायला कायद्याने मनाई करा. इथे अम्ब्रेलावर असलेल्या मराठी मंडळींनो, आपली एक पे-स्लिप काढा, तो आकडा अधोरेखित करा आणि तुमच्या भागाच्या खासदाराला ईमेल करा. मी माझ्या खासदारांना पाठवली आहे. मसुदा हवा असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, देते.