१०७ अंशांचा धनी

डोळ्यांपुढचे सगळेच्या सगळे फोटोत उतरावे, ही माझी जुनी हाव. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, ५० मिलिमीटरची लेन्स कर्णाच्या, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या मापाने जेमतेम ४७ अंशांचे दृश्य टिपते, म्हणून मी १६ मिलिमीटरची वाइड अँगल लेन्स घेतली आणि एका झटक्यात १०७ अंशांचा धनी झालो.

पहिला फोटो डोंगररांगेचा काढला. प्रत्यक्षात अंगावर येणारे ते डोंगर फोटोत क्षितिजाशी वारुळांसारखे ओळीने बसले होते. उरलेल्या चौकटीत आभाळ, मोकळी जमीन, माझी लांबलचक सावली, ट्रायपॉडचा एक पाय आणि माझ्या उजव्या बुटाची सुटलेली नाडी, एवढा ऐवज होता. नाडी मात्र कमालीची ठळक होती, कारण या लेन्सचे छिद्र एफ/८ इतके बारीक ठेवून साधारण एक मीटरवर फोकस केला, की अर्ध्या मीटरपासून थेट अनंतापर्यंत सारे काही स्पष्ट येते. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. मी न पोखरताच डोंगराचा उंदीर केला होता.

खरी कसोटी लागली ती घरच्या ग्रुप फोटोच्या वेळी. माणसे अठरा, खोली लहान आणि माझ्या पाठीला भिंत. अशा वेळी ही लेन्स म्हणजे देवच वाटते. सगळे मावले, भिंती आणि दाराच्या चौकटी सुतात आल्या. पण सरळ रेघा सरळ ठेवण्याची ही शिस्त कडेच्या गोल वस्तूंच्या जिवावर पाळली जाते; अगदी टोकाला आलेला चेंडूसुद्धा उंचीच्या दीडपट रुंद दिसतो. आमच्या उजव्या टोकाला काकू होत्या.

त्यांनी फोटो बराच वेळ निरखला. मी भूमितीचा आधार घेऊन, गोल पृथ्वी सपाट नकाशावर पसरली की ध्रुवांकडचे प्रदेश कसे फुगतात, ते सविस्तर समजावून सांगितले. माझे बोलणे संपल्यावर काकूंनी शांतपणे विचारले, “म्हणजे मी ग्रीनलँड का रे?”

दुसऱ्या फोटोसाठी त्या सर्वांच्या आधी येऊन मधोमध बसल्या. टायमर लावून धावत येणाऱ्या माझ्यासाठी त्यांनी उजव्या टोकाची जागा आग्रहाने राखून ठेवली होती.