खुलासा : तळोज्याच्या 'चिप फॅक्टरी'बद्दल

खारघर-कामोठ्याच्या सोसायटी ग्रुपवर कालपासून मेसेज फिरतोय : 'तळोजा एमआयडीसीत चिपचा कारखाना सुरू, केंद्राकडून 83,947 कोटींची सबसिडी, भरती चालू, फॉर्म फी भरा.' सोबत पिवळ्या उजेडात पांढरे सूट घातलेल्या माणसांचा फोटो.

83,947 कोटी ही सबसिडी नव्हे. अदानी समूह आणि इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर यांच्या प्रस्तावातली ती दोन टप्प्यांची एकूण गुंतवणूक. सप्टेंबर 2024 मध्ये तिला मंजुरी दिली राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने. केंद्राची मंजुरी वेगळी असते, इंडिया सेमीकंडक्टर मिशन या केंद्राच्या चिपउद्योगासाठीच्या यंत्रणेमार्फत मिळणारी. पुढे 2025 मध्ये दोन्ही कंपन्यांची बोलणी थांबल्याची बातमी रॉयटर्सने दिली. म्हणजे बोलणीच अडली आणि आपण भरती करून मोकळे!

केंद्राचा पैसा मिळतो कसा, तेही बघा. 2021 च्या डिसेंबरात चिपउद्योगासाठी 76,000 कोटींची योजना आली. 2022 च्या बदलानंतर प्रकल्पखर्चाच्या 50 टक्क्यांपर्यंत मदत. गुजरातेत साणंदला अमेरिकेच्या मायक्रॉनचा प्रकल्प 2.75 अब्ज डॉलरचा. त्यात निम्मे केंद्राचे, 20 टक्के राज्याचे, उरलेले कंपनीचे. आणि तिथेही वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) चिप घडवत नाहीत, घडवलेल्या चिपचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग होतं.

फोटोतला पिवळा उजेड मात्र खोटा नाही. वेफरवरचा फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने बदलणारा रासायनिक थर, निळ्या प्रकाशाने खराब होतो, म्हणून लिथोग्राफीच्या (प्रकाशाने चिपची नक्षी उमटवण्याच्या) खोलीत तसे दिवे लावतात. पण तो फोटो तळोज्याचा म्हणून पुढे ढकलू नका, आणि फी तर अजिबात भरू नका.