कॉलेज फुटबॉलचा सामना लांबतो कोणामुळे? एका लोकप्रिय समजाचा प्रतिवाद

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा (लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा) सामना कागदोपत्री ६० मिनिटांचा, म्हणजे प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार क्वार्टरांचा असतो. दूरचित्रवाणीवर दाखवला जाणारा वरच्या श्रेणीचा सामना प्रत्यक्षात सव्वातीन ते साडेतीन तास घेतो आणि चुरस वाढली की त्याहूनही पुढे जातो. हे कशामुळे, यावर अलीकडे एक उत्तर सर्रास दिले जाते. त्याचा सारांश असा: सामना लांबतो तो खेळाच्या स्वरूपामुळे. फर्स्ट डाउन (चेंडू दहा यार्ड पुढे नेल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाला की घड्याळ थांबायचे, पास (चेंडू हाताने पुढे फेकणे) वाढले आहेत, घाईने खेळणाऱ्या संघांमुळे चालींची, म्हणजे चेंडू एकदा खेळात येऊन थांबेपर्यंतच्या खेळींची, संख्या फुगली आहे. जाहिराती तर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही असतात, तरी तिथला सामना तीन तासांच्या थोडा पुढे जाऊन संपतो. तेव्हा घड्याळाचा नियम बदलणे हाच उपाय होता, तो २०२३ मध्ये झाला आणि प्रश्न निकालात निघाला. या मांडणीतील बरीचशी माहिती खरी आहे, म्हणूनच ती पटकन पटते; मात्र तिच्यातून काढलेला निष्कर्ष त्या माहितीतून निघत नाही.

आधी फर्स्ट डाउनचा मुद्दा घेऊ. चार प्रयत्नांत दहा यार्ड सर केले की संघाला नवे चार प्रयत्न मिळतात, आणि कडेला साखळी धरून उभी असलेली माणसे नव्या जागी पोहोचेपर्यंत घड्याळ थांबवायचे, हा कॉलेजचा नियम १९६८ पासूनचा होता. ५५ वर्षे जो नियम जागचा हलला नाही, त्याने सामना मुळात लांब का असतो याचे थोडेफार स्पष्टीकरण मिळेल, पण तो उत्तरोत्तर लांबत का गेला याचे मिळणार नाही. शिवाय या नियमाचा भार किती, हे साध्या हिशेबानेही कळते. दोन्ही संघ मिळून एका सामन्यात ढोबळमानाने चाळीसेक फर्स्ट डाउन होतात. त्यांतले काही चेंडू सीमारेषेबाहेर गेल्याने संपतात, म्हणजे तिथे घड्याळ तसेही थांबलेलेच असते. उरलेल्या प्रत्येक वेळी सात-आठ सेकंद धरले तरी बेरीज पाच मिनिटांच्या आतच राहते. २०२३ मध्ये प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटे वगळून हा नियम रद्द झाला, तेव्हा अनुभवही असाच आला: मोजक्या चाली गेल्या आणि थोडी मिनिटे वाचली. साडेतीन तासांच्या तक्रारीवर हा उतारा पुरेसा म्हणणे धाडसाचे आहे.

चालींच्या संख्येचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, म्हणजे पास अपुरा राहिला, की घड्याळ थांबते, हे खरेच. या शतकाच्या पहिल्या दशकात टेक्सास टेकमध्ये माइक लीच यांच्या संघाने पासची झोड उठवली. पुढे ऑरेगनमध्ये चिप केली यांच्या संघाने दोन चालींच्या मधली सल्लामसलतच जवळजवळ मोडीत काढली, आणि त्यांचे अनुकरण देशभर झाले. चाली कमी केल्या की वेळ कमी होतो याचा पुरावाही आहे. २००६ मध्ये किकऑफच्या (चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करण्याच्या) वेळी पाय चेंडूला लागताच घड्याळ सुरू करण्याचा आणि चेंडूचा ताबा बदलल्यावर पंचांनी खूण करताच ते पुन्हा चालू करण्याचा नियम आला. त्या हंगामात सामन्यामागे सुमारे चौदा चाली घटल्या आणि वेळही साधारण तितक्याच मिनिटांनी घटला. प्रशिक्षकांनी इतकी ओरड केली की पुढच्याच वर्षी हे बदल मागे घेतले गेले. २००८ मध्ये दोन चालींमधल्या अंतरासाठी ४० सेकंदांचे घड्याळ आले, तेव्हा वेळ पुन्हा खाली आला. काही वर्षांतच तो परत चढला.

या इतिहासातून खेळाला दोष देणारे एवढेच उचलतात की चाली आणि मिनिटे यांचा संबंध आहे. त्याच इतिहासात दिसणारी दुसरी गोष्ट ते सोडून देतात: प्रत्येक वेळी कात्री लागली ती खेळाला. २००६ असो, २००८ असो वा २०२३, जाहिरातींच्या ब्रेकची संख्या किंवा लांबी नियमपुस्तकातून कमी झाली नाही. घाईने खेळणारा संघ दोन चालींमधला रिकामा वेळ कमीच करतो, हेही लक्षात घ्यायला हवे. असा संघ सामना लांबवतो तो मुख्यतः गुण अधिक झाल्यामुळे आणि ताबा वारंवार बदलल्यामुळे, आणि नेमक्या त्याच क्षणी प्रक्षेपण जाहिरातीकडे वळते. टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण), जाहिराती, किकऑफ, पुन्हा जाहिराती: दोन ब्रेकच्या मध्ये एकच लाथ आणि काही सेकंदांची धाव, हा क्रम नियमित पाहणाऱ्याला सांगायला नको. या पाच-सात मिनिटांची नोंद चालींच्या खात्यावर करायची की ब्रेकच्या, हा खरा प्रश्न आहे, आणि लोकप्रिय मांडणी तो विचारतच नाही. वेगाची ती लाट मागच्या दशकाच्या मध्यानंतर बरीच ओसरली. सामन्यांची लांबी त्या प्रमाणात ओसरली नाही.

‘दूरचित्रवाणी केवळ दाखवते, खेळवत नाही’ असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा प्रत्यक्ष मैदानात बसून पाहावे. वेस्ट लाफायेत किंवा कॉलेज स्टेशनसारख्या विद्यापीठाच्या गावी मुलांना भेटायला गेलेल्या मराठी आईवडिलांना क्वार्टरबॅकचे, म्हणजे चाली सुरू करणाऱ्या प्रमुख खेळाडूचे, नाव कळण्याआधी ओळखू येतो तो लाल टोपीवाला माणूस. तो खेळाडू नाही आणि पंचही नाही. कानात प्रक्षेपणाच्या गाडीशी जोडलेले यंत्र लावून तो कडेला उभा असतो आणि ब्रेक सुरू झाला की काही पावले मैदानात येतो. तो तिथे आहे तोवर चेंडू हलत नाही. बावीस खेळाडू कंबरेवर हात ठेवून उभे राहतात, पंच चेंडूपाशी थांबतात, बँड वाजू लागतो, आणि हजारो माणसांच्या नजरा त्या एका टोपीकडे लागलेल्या असतात. अलीकडे काही कॉन्फरन्सनी (विद्यापीठांच्या गटांनी) त्याच्या सोबतीला उलटे मोजणारे घड्याळही दिले, म्हणजे आपण किती सेकंद ताटकळणार हे प्रेक्षकाला निदान कळावे. मुख्य पंचांची शिट्टी वाजते ती तो मागे सरल्यावर. यालाही खेळाचे स्वरूप म्हणायचे असेल तर शब्दांना काही अर्थच उरत नाही.

हे सगळे आपोआप घडलेले नाही. १९५० च्या दशकापासून कोणत्या संघाचा सामना किती वेळा दाखवायचा याची मर्यादा एनसीएए ही कॉलेज क्रीडांची नियामक संस्था ठरवत असे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला आणि ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः एकेकाळी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते, हा योगायोग मला नेहमीच बोलका वाटतो. त्या निकालानंतर विद्यापीठे आणि कॉन्फरन्स आपले हक्क स्वतः विकू लागल्या, आणि २०२३ पासूनचा बिग टेन या कॉन्फरन्सचा सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या घरात गेला. एवढे पैसे मोजणारा ते जाहिरातींतून वसूल करणार, यात वावगे काही नाही. वावगे आहे ते हे की हिशेब मांडताना ही रक्कम पानाबाहेर ठेवली जाते. शनिवारचे वेळापत्रकच दुपारी बारा, साडेतीन आणि संध्याकाळी सात-साडेसात असे सुमारे साडेतीन तासांच्या कप्प्यांत बसवलेले आहे. एका सामन्यासाठी इतका वेळ आधीच राखून ठेवला, की तो लवकर संपवण्याची निकड कोणालाच उरत नाही.

याला पूरक साक्ष खालच्या श्रेणींतून मिळते. जिथे राष्ट्रीय वाहिनी फिरकत नाही अशा तिसऱ्या श्रेणीतील सामने साधारणपणे तीन तासांच्या आत उरकतात. फर्स्ट डाउनचा तो नियम तिथेही होता. उलट तिथे तो एक वर्ष उशिरा, २०२४ मध्ये बदलला. दोष घड्याळाच्या नियमाचाच असता तर हे सामनेही तितकेच रेंगाळायला हवे होते.

एनएफएलशी केलेली तुलनाही अर्धवट आहे. कॉलेजमध्ये मध्यंतर २० मिनिटांचे असते, एनएफएलमध्ये ते १२-१३ मिनिटांचे. सात-आठ मिनिटांचा फरक इथेच पडतो, आणि तो मला तरी खुपत नाही. ओहायो स्टेटचा बँड मैदानावर अक्षरे रेखतो तेव्हा उठून जाणारे प्रेक्षक फारसे नसतात. शिवाय एनएफएलनेही २०१७ मध्ये ब्रेकची संख्या २१ वरून १६ वर आणली आणि प्रत्येक ब्रेक एक मिनिट ५० सेकंदांवरून दोन मिनिटे २० सेकंदांवर नेला. गुणाकार केला तर जाहिरातींची एकूण मिनिटे साडेअडतीसवरून सवासदतीसच्या आसपास आली, म्हणजे जेमतेम मिनिटभर घटली. तरीही तो बदल प्रेक्षकांच्या सोयीचा होता, कारण खेळाचे तुकडे कमी पडले. म्हणजे ब्रेकची रचना हा बदलता येण्याजोगा निर्णय आहे, आणि ज्या लीगचा दाखला दिला जातो तिनेच तो बदलून दाखवला आहे.

रिप्लेचा, म्हणजे पंचांचा निर्णय चित्रफितीवर पुन्हा तपासण्याचा, वाटा आहे, पण तो वाढीचा मुख्य भाग नाही. लांबलेल्या सामन्यांचे उदाहरण म्हणून २०१८ मधील एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) विरुद्ध टेक्सास ए अँड एम हा सात जादा डावांचा, ७४–७२ असा संपलेला आणि पाच तासांच्या जवळ गेलेला सामना पुढे केला जातो. तो अपवाद होता, आणि तसे पुन्हा होऊ नये म्हणून जादा डावांचे नियम २०१९ आणि २०२१ मध्ये बदललेही गेले.

‘प्रश्न निकालात निघाला’ या दाव्याला तर वर्षभरही टिकता आले नाही. २०२४ मध्ये प्रत्येक अर्धाच्या शेवटी दोन मिनिटे उरताना सक्तीचा टाइमआउट (खेळातील विराम) आला. यामुळे ब्रेकची एकूण संख्या वाढणार नाही, उलट लागोपाठ येणारे ब्रेक टाळता येतील, अशी त्याची बाजू मांडली गेली, आणि ती मुद्दाम खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु आदल्या वर्षी वेळ वाचवायचा म्हणून घड्याळ चालू ठेवले आणि दुसऱ्याच वर्षी ते थांबवण्याची हमखास जागा निर्माण केली, या दोन निर्णयांना जोडणारे सूत्र खेळात सापडत नाही. ते प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात सापडते.

चाली कमी झाल्या की धडका कमी होतात, त्यामुळे २०२३ चा बदल खेळाडूंच्या हिताचा, हा शेवटचा युक्तिवाद सर्वांत प्रामाणिक आहे. सामन्यामागे पाच चाली कमी झाल्या असे धरले तर बारा सामन्यांत साठ चाली वाचतात. पहिल्या श्रेणीतील एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून १३०-१४० चाली होतात, म्हणजे ही बचत अर्ध्या सामन्याचीही नाही. विजेता ठरवणारी बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, मात्र २०२४ मध्ये चार संघांवरून बारावर गेली, आणि त्या हंगामातील विजेता ओहायो स्टेट व उपविजेता नोत्र दाम हे दोन्ही संघ १६ सामने खेळले. त्याआधीच्या दोन हंगामांतील विजेते, जॉर्जिया आणि मिशिगन, १५ खेळले होते.

प्रत्येक सामन्यानंतर निघणाऱ्या अधिकृत गुणपत्रकात सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, एकूण लागलेला वेळ आणि प्रेक्षकसंख्या छापलेली असते. ब्रेकमध्ये किती मिनिटे गेली, हा रकाना त्यात नसतो. सामना खेळामुळेच लांबतो याची ज्यांना खात्री आहे, त्यांनी तो रकाना सुरू करण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी.