चॉसरची ‘बोधकथा’ अर्धीच फिरते आहे

लोभावरची एक गोष्ट सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरते आहे. तीन मित्र खजिना शोधायला निघतात, खजिना सापडतो, वाटणीपायी तिघेही मरतात. खाली टीप असते: सहाशे वर्षांपूर्वी जेफ्री चॉसर या इंग्रज कवीने स्वतःच्या कल्पनेतून रचलेली साधी बोधकथा, हा कवी धर्माचा शत्रू, चर्चविरुद्ध तोंड उघडणारा पहिला इंग्रज. एवढ्या मजकुरात खरं काय, तर तिघेही मरतात.

खजिना शोधायला कुणी निघतच नाही. फ्लँडर्समधल्या (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) गुत्त्यात सकाळीच पीत बसलेल्या तिघांना बाहेर प्रेतयात्रेची घंटा ऐकू येते. पोऱ्या सांगतो, गेलेला तुमचाच दोस्त. ‘मृत्यू’ नावाच्या चोराने मारला, याच साथीत त्याने हजार माणसं मारलीत. मग हे तिघे आणाभाका घेऊन मृत्यूलाच ठार करायला निघतात. वाटेत एक म्हातारा भेटतो, मरण मागूनही न मिळालेला. त्याला दमदाटी केल्यावर तो म्हणतो, मृत्यू हवाय ना, मग या वाकड्या वाटेने जा, त्या ओकच्या झाडाखाली असेल. तिथे असतात सोन्याच्या नाण्यांचे ढीग. नाणी दिसल्यावर मृत्यूचं नावही कुणी काढत नाही. धाकटा गावातून पाव आणि दारू आणायला जातो, इकडे दोघे त्याला भोसकायचं ठरवतात. तो औषधवाल्याकडे उंदरांचा आणि कोंबड्या पळवणाऱ्या जनावराचा बहाणा करून विष घेतो, तीन बाटल्या उसन्या आणतो, दोन विषाने भरतो आणि तिसरी स्वतःसाठी स्वच्छ ठेवतो. रात्रभर सोनं वाहायचंय, तहान लागेल! चॉसरचा हात दिसतो तो या तिसऱ्या बाटलीत.

गोष्टीचा सांगाडा चॉसरचा नाहीच. पालीतल्या वेदब्भ जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एकीत, रत्नांच्या पावसामागे लागलेले चोर एकमेकांना कापून काढतात. शेवटी दोघे उरतात. एक भातात विष कालवून आणतो, दुसरा तलवार घेऊन वाट पाहत बसलेला असतो. हीच गोष्ट फारसी, अरबी आणि इटालियन रूपांतही सापडते. म्हणजे ही पोस्ट आपल्याकडे परत आली आहे, तीही चुकीच्या बारशासकट.

पण खरी चोरी पोस्ट करणाऱ्यांनी केली आहे. गोष्ट कोण सांगतं, तेच त्यांनी कापून टाकलं. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये कँटरबरीच्या यात्रेला निघालेले लोक वाटेत गोष्टी सांगतात. त्यांतली ही सांगतो पार्डनर, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं घेऊन हिंडणारा आणि पैसे गोळा करणारा माणूस. त्याच्या पोतडीत उशीचा अभ्रा असतो, तो मेरीमातेचा पदर म्हणून दाखवायचा. काचेत डुकराची हाडं. एक हातमोजाही असतो: त्यात हात घातला की धान्य वाढतं, फक्त आधी नाणी ठेवायची. वर हा सांगतो, ज्याने घोर पाप केलंय किंवा जिने नवऱ्याला फसवलंय, त्यांनी पुढे येऊ नये. मग मागे राहण्याची कुणाची छाती होणार?

‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ म्हणून याला मोडीत काढता येत नाही. त्या म्हणीतला माणूस आपला कोरडेपणा लपवतो. पार्डनर सहप्रवाशांना सगळा धंदा उघडून दाखवतो: प्रवचनाचा विषय नेहमी एकच, लोभ हे सर्व पापांचं मूळ, आणि मी प्रवचन देतो तेही लोभापायीच, वर्षाला शंभर मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) सुटतात. एवढं सांगून तो अशी गोष्ट रचतो की अंगावर काटा येतो, आणि संपताच त्याच श्रोत्यांपुढे पैसे मागतो. पहिला मान यात्रेत सोबत आलेल्या सराईवाल्याला, कारण सगळ्यांत पापी तोच म्हणे. सराईवाला त्याला इथे छापता येणार नाही अशी शिवी हासडतो. आता याला ‘साधी बोधकथा’ कसं म्हणायचं? बोध खरा आणि बोध देणारा लबाड, हीच तर कवीची खेळी.

राहिला ‘धर्माचा शत्रू’. भोंदू पार्डनरांबद्दल खुद्द पोप नववा बोनिफेस याने 1390 मध्ये तक्रार केली होती. चॉसरच्याच काळातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पियर्स प्लाउमन’ या काव्यात पार्डनर मोहरबंद फर्मान दाखवून लोकांच्या अंगठ्या उकळतो. 1384 मध्ये वारलेल्या जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मपंडिताने तर पापमाफीच्या व्यवहारावर उघड हल्ला चढवला होता. तेव्हा पहिलेपणाचा मान चॉसरला देता येत नाही. शिवाय त्याच्याच यात्रेत एक गरीब पाद्री आहे, स्वतःच्या मिळकतीतून गावातल्या गरिबांना देणारा, आणि कवी त्याची जराही टर उडवत नाही. ग्रंथातली शेवटची कथाही त्याच पाद्र्याची. तिच्यात गोष्ट अशी नाहीच. पश्चात्ताप आणि सात महापापं यांवर गद्यात लांबलचक प्रवचन आहे, लोभासकट. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.