फॉरमॅट मारून एसएमपीएस सुधारत नाही

ऊन चढायला लागलं की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: जुना डेस्कटॉप आपोआप बंद पडत असेल तर त्यात व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. तरीही पडला तर कव्हर काढून समोर टेबल फॅन लावा. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा फिरतोय ना, मग एसएमपीएस चांगला आणि मदरबोर्ड गेला. शिवाय मायक्रोसॉफ्टच आता जुनी मशीन बंद पाडतं, तेव्हा खर्च करू नका, भंगारात द्या. खाली ‘जनहितार्थ’ असतंच.

व्हायरसची भीती अगदीच हवेतली नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम, आला, पुढच्या वर्षी ‘सासर’ नावाचा दुसरा आला. विंडोज एक्सपीवर साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. त्या काळात सायबर कॅफे चालवणाऱ्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. पण तेव्हाही समोर पाटी झळकायची, मोजणी व्हायची. लाइट गेल्यासारखं झटक्यात सगळं काळं होणं हा बहुतेक वेळा हार्डवेअरचा मामला असतो.

खात्री फुकटात होते. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथेही बंद पडलं तर फॉरमॅट मारून हाती काय लागणार? गेला तर डेटा जाईल. बायोसमध्ये टिकलं आणि विंडोजमध्येच पडलं, तरी विंडोजला लगेच दोषी धरू नका. काम वाढलं की वीजही जास्त ओढली जाते आणि उष्णताही वाढते.

काही जण इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतात, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की चोर सापडला असं समजून एमजी रोडला एसएमपीएस आणायला निघतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही चालू मशीनची वायर ओढली तरी हीच नोंद पडते. १०७४ दिसलं तर मात्र माणसाने किंवा एखाद्या प्रोग्रामने रीतसर बंद केलेलं असतं.

टेबल फॅनचा सल्ला अर्धा खरा आहे. तपासणी म्हणून उत्तम: कव्हर काढून पंखा लावल्यावर मशीन जास्त वेळ चाललं, तर उष्णतेवर संशय घ्यायला जागा आहे. दुसरी खूणही बघा. बंद पडल्यावर लगेच चालू केलं तर आणखी लवकर पडतं आणि वीस मिनिटं थंड होऊ दिलं तर बरा वेळ चालतं, हे उष्णतेचं लक्षण. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही पारा चढत राहिला की जळू नये म्हणून मशीनच बंद करायला लावतो. इंटेलच्या बऱ्याच कोअर प्रोसेसरांमध्ये वेग उतरवण्याची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. खोली जितकी तापते, जवळपास तितकाच प्रोसेसरही जास्त तापतो. म्हणूनच डिसेंबरात मुकाट चालणारं मशीन एप्रिलात, बाहेर ४० अंश असताना, मान टाकतं. मशीन तेच, व्हायरस नवा नाही.

पण कायमचा उपाय म्हणून उघडं कॅबिनेट नको. पाल शिरते, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. धूळ तर शिरतेच, आणि धूळही जागेप्रमाणे वेगळी. देवघराशेजारच्या मशीनमध्ये उदबत्तीच्या धुराने चिकट झालेला थर असतो, तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही, ब्रश लागतो. लासलगावकडच्या कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात हीट सिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, पातींचा चुरा बसू शकतो. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधली ग्राइंडिंगची धूळ सगळ्यात वाईट, कारण धातूचे कण वीज वाहून नेतात. वायर काढा, पंखा बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. प्रोसेसरवरच्या कूलरच्या चारही पिना घट्ट बसल्यात का पाहा, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा.

आता मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य: पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला. काही जण त्यापुढे जाऊन हिरव्या आणि काळ्या वायरमध्ये पेपरक्लिप अडकवतात, पंखा फिरतो आणि मदरबोर्डला मृत घोषित करतात. त्या चाचणीत एसएमपीएसवर भारच नसतो. रिकामा टेम्पो सुरू झाला म्हणून तो भरल्या मालासकट घाट चढेल असं कुणी म्हणत नाही. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, वय झाल्यावर कमजोर होतात. काम वाढलं की व्होल्टेज ढासळतं आणि सगळं बंद. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू ठेवून, काम देऊन, पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजा. १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याखाली घसरत असेल तर एसएमपीएस बदला. मीटर ठीक दाखवतो तरी शंका असेल तर ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस लावून बघायला मागा. मात्र तो डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट शिल्लक असू शकतात.

मेसेजमध्ये यूपीएसचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटतं. पाण्याची मोटार सुरू झाली, लाइट डिम-फुल झाली आणि त्याच क्षणी मशीन पडलं, तर आधी यूपीएसची बॅटरी बघा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण तीनेक वर्षांत थकते. एक दिवस मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा, कळेल. आणि पॉवर बटण आत अडकत तर नाही ना? चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, मग ते बोटाने दाबलेलं असो की मळाने.

मायक्रोसॉफ्टचं थोडक्यात: विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. संपतात ते अपडेट. मशीन चालतच राहतं. एकच अपवाद, मुदत संपलेली चाचणी आवृत्ती. ती तासातासाला बंद होते, अगदी घड्याळ लावून.

राहिलं भंगार. मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर फुगलेले किंवा गळलेले दिसले, आणि बदलून देणारा कारागीर मिळाला नाही, तर पंधरा वर्षांच्या मशीनवर खर्च करू नका, इथे मी मेसेजशी सहमत. पण हातगाडीवाल्याला नको, अधिकृत ई-कचरा संकलकाला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा रोखही तिकडेच आहे. त्याआधी चार स्क्रू काढून हार्ड डिस्क घरी ठेवून घ्या, कारण फोटो, आधारची स्कॅन कॉपी, बँकेची स्टेटमेंट हे सगळं तिच्यातच असतं.