लॉकडाऊन म्हणजे बायकांची विश्रांती नव्हती

मार्च उजाडला की एक मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो: ‘लॉकडाऊनने घरं जोडली. बायकांना आराम मिळाला, पोरांना सुट्टी मिळाली, आणि रोगाने बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत असा भेद केला नाही.’ यंदा तो माझ्या चुलतभावाने पाठवला. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी आरामाचं. महामारीच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, केंद्र सरकारने लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली होती. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. घरातली माणसं दिवसभर बाहेर असतानाचा हा हिशेब. सगळी घरात बसल्यावर आमच्याकडे चहाच पाच वेळा व्हायला लागला. भांड्याला येणाऱ्या मावशी बंद झाल्या, त्यांचं काम आईवर आलं. आणि बऱ्याच घरांनी मावशींचा पगारही थांबवला.

कमाईचं तर विचारूच नका. आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईचं मंदिर मार्च 2020 मध्ये बंद झालं ते नोव्हेंबरात उघडलं. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झालं, ते 2021 च्या घटस्थापनेपर्यंत. भाविक नाहीत म्हणून चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या बाजाराला, गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून घरी बसून चपलेची वेणी घालणाऱ्या बाईला काम नाही. सुभाषनगरातल्या माझ्या ओळखीच्या एक काकू जोडावर मजुरी घेतात. त्यांनी फडताळातून कापडात गुंडाळलेली, चामडं टोचायची आरी काढून दाखवली, तेव्हा टोकाला गंज चढला होता. म्हणाल्या, “हात रिकामा ऱ्हायला, त्याला आराम म्हनत्यात व्हय गं?”

घरं जोडली म्हणावं, तर एप्रिल 2020 मध्येच राष्ट्रीय महिला आयोगाला तक्रारींसाठी वेगळा व्हॉट्सॲप नंबर सुरू करावा लागला. त्या वर्षी आयोगाकडे 23,722 तक्रारी आल्या, आधीच्या सहा वर्षांतल्या सगळ्यात जास्त. त्यातल्या पाच हजारांवर घरातल्या मारहाणीच्या आणि छळाच्या होत्या. मारणारा चोवीस तास समोर असताना जिला फोन हातात घेता आला, तिचीच तक्रार यात आहे.

पोरांच्या सुट्टीबद्दल मला जास्त चीड येते. 2021 ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95 टक्के लागला, आणि ‘कोरोना बॅच’ हा शिक्का त्या मुलांच्या कपाळी बसला. राधानगरी-भुदरगडच्या वाड्यांवर रेंजसाठी टेकाड चढायचं, आणि घरात एकच फोन असला तर तो आधी भावाच्या हातात. त्यात लग्नाला पन्नास माणसांची, पुढे पंचवीसचीच परवानगी. खर्च कमी, शाळा बंद, पोरगी घरात: ‘उरकून टाकू’ हे शब्द मी स्वतः ऐकलेत. राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण महामारीआधीच जवळपास 22 टक्के होतं, हे ध्यानात घ्या.

आता ‘रोगाने भेद केला नाही’. विषाणूने केला नसेल, माणसांनी केला. बायको गेलेल्या पुरुषाच्या अंगावरचं काही कुणी उतरवलं नाही. नवरा गेलेल्या पंचविशीतल्या पोरीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. हे थांबवायला आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं.